हीटेड ग्रिप की हीटेड जॅकेट? आधी वॅट मोजा

लडाख-स्पितीला बाइकवर जायचं ठरलं की हीटेड ग्रिप (हँडलच्या गरम होणाऱ्या मुठी), ग्लोव्ह्ज, जॅकेट यांची शोधाशोध सुरू होते. त्याआधी आपल्या गाडीचा अल्टरनेटर (इंजिनच्या जोरावर वीज तयार करणारा भाग) किती वॅटचा आहे ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहा. हेडलाइट, इग्निशन, फ्यूएल पंप, एबीएस यांचा खर्च वजा जाता जे उरेल तेवढीच वीज तुमच्या हातात. हेडलाइटचा एकटा एच४ हॅलोजन बल्बच ५५-६० वॅट खातो. जॅकेटचा हीटेड लायनर ७०-९० वॅट मागू शकतो, म्हणजे १२ व्होल्टवर ६ ते साडेसात अँपिअर! शिवाय मॅन्युअलमधला आकडा वरच्या आरपीएमचा, म्हणजे इंजिन जोरात फिरत असतानाचा असतो. घाटात ट्रकमागे रांगत असाल तर तूट बॅटरी भरून काढते, आणि थंडीत ती बिचारी आधीच मरगळलेली.

छोट्या गाडीसाठी माझं मत ग्रिपच्या बाजूने. साधारण ३०-४० वॅटमध्ये भागतं. मात्र ग्रिप फक्त तळवे शेकते, बोटांच्या पाठीला वारा झोंबतोच, म्हणून हँडगार्ड हवेतच. वायर थेट बॅटरीवरून घ्या, पण फ्यूज लावून आणि इग्निशनबरोबर बंद होणाऱ्या रिलेमार्फत (विजेवर चालणारा स्विच). नाहीतर ग्रिप चालू राहिली तर सकाळी होमस्टेच्या अंगणात धक्का मारायला माणसं शोधावी लागतील.