कढी फुटते, श्रीखंड चिकट होतं? दही आणि योगर्ट वापरताना या चुका टाळा

घरातलं दही संपलं की फ्रिजमधला योगर्टचा डबा उघडायचा आणि तेवढंच माप घालून मोकळं व्हायचं, ही सवय बऱ्याच स्वयंपाकघरांत रुळली आहे. कोशिंबिरीत ते खपून जातं. कढीत, श्रीखंडात आणि विरजणात मात्र खपत नाही.

योगर्ट लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस आणि स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस या दोन ठरावीक जिवाणूंनी, साधारण 40 ते 45 अंश सेल्सिअसला लावतात. घरच्या दह्यात लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या अनेक जिवाणूंचा मेळ असतो, आणि तो घराघरात वेगळा असतो. त्यामुळे योगर्टची चव दर वेळी तीच लागते, तर घरचं दही ऋतूप्रमाणे आणि ठेवलेल्या वेळेप्रमाणे बदलतं. म्हणून डब्यावरच्या नावाआधी आंबटपणा, पाणी आणि स्निग्धांश या तीन गोष्टी बघा.

कढी फुटणं

सगळ्यात जास्त तक्रार हीच. योगर्ट घट्ट आहे म्हणजे ते फुटणार नाही, हा समज चुकीचा आहे. दह्यातलं केसिन हे प्रथिन आम्लामुळे आधीच गोठलेलं असतं. त्याला जोरात उष्णता दिली की गुठळ्या आणखी आवळतात आणि पाणी बाहेर टाकतात. घट्ट योगर्टही याला अपवाद नाही, आणि कमी फॅटचं असेल तर ते लवकरच फुटतं.

वाचवतं ते बेसन. त्यातला स्टार्च फुगतो आणि प्रथिनांचे कण एकमेकांना चिकटू देत नाही. एक वाटी दह्याला सपाट टेबलस्पूनभर बेसन पुरे. ते थंड दह्यातच गुठळी न राहता घुसळून घ्या, मग दोन वाट्या पाणी घाला. पाणी आधी घातलं तर बेसनाच्या गुठळ्या मोडता मोडत नाहीत. पहिली उकळी येईपर्यंत आच मंद ठेवा आणि पळी हलवत राहा. झाकण ठेवू नका, मीठ उकळी आल्यावर घाला. ग्रीक योगर्ट असेल तर ते मुळातच पाणी काढलेलं असतं, म्हणून अर्धीच वाटी घ्या आणि पाणी वाढवा. आंबटपणा कमी वाटला तर लिंबू पिळायच्या मोहात पडू नका, ते उकळत्या कढीत आणखी फोडतं. दही आदल्या रात्री बाहेर ठेवून थोडं आंबवणं जास्त चांगलं.

फुटलीच, तर गॅस बंद करा, चमचाभर बेसन पाण्यात कालवून घाला, हँड ब्लेंडर फिरवा आणि पुन्हा मंद आचेवर ठेवा. पहिल्यासारखी मऊ होत नाही, पण वाढण्याजोगी नक्की होते.

भाजीच्या रश्श्यातही हेच तत्त्व. फ्रिजमधलं गार दही तडतडत्या मसाल्यात ओतू नका. ते फेटून, खोलीच्या तापमानाला आणून, आच कमी करून एकेक चमचा घाला.

आणखी एक गोष्ट मला कळकळीने सांगावीशी वाटते: कढीसाठी महागडं प्रोबायोटिक योगर्ट घेऊ नका. उकळल्यावर त्यातले जिवाणू मरतात. ते योगर्ट ताटात कच्चं वाढा.

श्रीखंड

ग्रीक योगर्टचं श्रीखंड होतं, पण चक्क्याइतकं पाणी त्यातून निघालेलं नसतं. फडक्यात बांधून दोन-तीन तास फ्रिजमध्ये टांगा. त्याआधी डब्यामागचे घटक वाचा. स्टार्च किंवा जिलेटिन घालून घट्ट केलेलं योगर्ट पाणी नीट सोडत नाही, आणि साखर घालून फेटलं की खळीसारखं चिकट होतं.

विरजण

योगर्टचं विरजण घालून दही लागत नाही म्हणणाऱ्यांचं दूध बहुधा थंड झालेलं असतं. ते जिवाणू उबेत वाढतात, त्यामुळे दूध बोटाला सोसेल इतपत गरम हवं आणि भांडं झाकून, गुंडाळून ठेवायला हवं. अर्ध्या लिटरला एक छोटा चमचा पुरे. जास्त घातलं की दही भसाभस आंबतं आणि पाणी सुटतं. फळांच्या चवीचं, साखर घातलेलं योगर्ट विरजणाला वापरू नका. तयार झाल्यावर पुन्हा तापवलेल्या योगर्टमध्ये तर जिवंत जिवाणूच नसतात, त्याने दूध विरजणार नाही.

लोणी काढायचं असेल तर होमोजिनाइज्ड दूध टाळा. त्यातल्या स्निग्धांशाचे कण इतके बारीक केलेले असतात की साय धरत नाही, आणि दही कितीही घुसळलं तरी लोणी नावापुरतंच येतं.