पाऊस उघडतोय: शिणाणे, कालवं काढण्याआधी मांसाचा नमुना तपासायला द्या

(सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातील खाड्यांमधले शिंपले-उत्पादक, बचत गट आणि कालवं-तिसऱ्या काढणाऱ्या ताईंसाठी)

खाडीतून शिणाणे (खडकाला किंवा पाण्यात टांगलेल्या दोराला चिकटून वाढणारे शिंपले), कालवं, तिसऱ्या किंवा खुबे विकायला काढण्याआधी त्यांच्या मांसाचा नमुना प्रयोगशाळेत गेला पाहिजे. अहवाल हातात येईपर्यंत माल पाण्यातच ठेवा. या हंगामात बाकीची सगळी कामं चार दिवस मागेपुढे झाली तरी चालेल, हे एक काम टाळू नका.

घाई हवामानामुळे आहे. चार महिने डोंगरातून आणि शेतांतून वाहून आलेली अन्नद्रव्यं खाडीत साचली आहेत, समुद्रातही खालचं पोषक पाणी वर आलेलं आहे. आता आभाळ मोकळं होईल, वारा पडेल, ऑक्टोबरचं ऊन तापेल आणि पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ भराभर वाढेल. त्यातल्या बहुतेक जाती शिंपल्यांचं रोजचं अन्न आहेत, त्यांच्यापासून काही अपाय नाही. अलेक्झांड्रियम, जिम्नोडिनियम, डायनोफिसिस अशा मोजक्या जाती मात्र विष तयार करतात. अलेक्झांड्रियमचे बीजकोश वर्षानुवर्षं गाळात पडून राहतात आणि परिस्थिती जुळली की उगवतात. शिणाणा दर तासाला काही लिटर पाणी गाळतो, त्या पाण्यातून विष त्याच्या मांसात साठत जातं. त्याला स्वतःला बहुधा काहीच होत नाही. तो जिवंत असतो, हात लावला की कवच मिटतो, वासाला ताजा लागतो. म्हणूनच डोळ्यांनी पाहून विषारी शिंपला ओळखता येत नाही.

आपल्या देशात हे घडून गेलेलं आहे. 1981 मध्ये तमिळनाडूतल्या वायलूरला तिसऱ्या खाऊन 85 जणांना रुग्णालयात न्यावं लागलं, त्यातले तिघे दगावले. 1983 मध्ये मंगळूरजवळच्या कुंबळे खाडीत पक्षाघात करणारं हेच विष सापडलं. सप्टेंबर 1997 मध्ये केरळातल्या विळिंजमला तपकिरी शिणाणे खाऊन सात जणांचा जीव गेला आणि शेकडो लोक आजारी पडले. महिना लक्षात घ्या, सप्टेंबर. आपल्याकडे गणपती गेले की घरोघर माशांची ओढ लागते, ती याच दिवसांत.

मी पाहिलेलं सगळ्यात मोठं नुकसान विषानं झालेलं नाही. नमुना न दिल्यामुळे झालेलं आहे. हंगामभर शिणाण्यांचे दोर नीट सांभाळले, मे महिन्यात शिणाणे भरले, मोठा गिऱ्हाईक आला आणि त्यानं तपासणीचा अहवाल मागितला. अहवाल नव्हता. त्यानंतर धावपळ करून नमुना पाठवला. तोवर मृग जवळ आला, वळवाच्या पावसानं खाडीचं पाणी गोडं व्हायला लागलं, दोरांवरचे शिणाणे मरून गळू लागले. सहा महिन्यांचं पीक गाळात गेलं. दुसऱ्या एका खाडीत रात्री पाणी चमकलं म्हणून ‘विषारी माल’ अशी आवई उठली. ती खोटी आहे हे दाखवायला गटाकडे एक कागदसुद्धा नव्हता. हे पुन्हा पुन्हा होतंय. आपल्या खाडीत कुणीतरी सरकारी माणूस नेमानं नमुने घेत असेल, असं गृहीत धरू नका. ते तुम्हालाच करायचं आहे.

पाण्याच्या रंगावर भरवसा ठेवणं हा सगळीकडे दिसणारा घोटाळा आहे. पाणी तांबडं झालं की लोक घाबरतात आणि निवळ असलं की निर्धास्त होतात. अलेक्झांड्रियमच्या लिटरमागे काही शे पेशी असल्या तरी काही देशांत सावधानतेचा इशारा देतात, आणि तेवढ्यानं पाण्याचा रंग जराही बदलत नाही. उलट हिवाळ्यात लाटा निळ्या चमकवणारा नॉक्टिल्युका हा सूक्ष्मजीव हे विष तयार करत नाही. तो दाट झाला तर पाण्यातला प्राणवायू घटतो, अमोनिया वाढतो आणि मासळी दूर जाते, तो त्रास वेगळा. फेब्रुवारीनंतर समुद्रावर लाकडाच्या भुशासारखा थर येतो, तो ट्रायकोडेस्मियम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा. हैदराबादची इन्कॉइस संस्था उपग्रहाच्या मदतीनं शेवाळाच्या फुलोऱ्याची माहिती देते, ती जरूर पाहा. पण उपग्रहाला पाण्याचा रंग दिसतो. तुमच्या खाडीतल्या शिणाण्याच्या पोटात काय आहे ते त्याला दिसत नाही.

नमुना असा घ्या.

एकाच दोरावरून मूठभर शिणाणे ओरबाडू नका. शिणाण्यांच्या शेताच्या खाडीमुखाकडच्या टोकाचा एक, मधला एक आणि आतल्या बाजूचा एक असे तीन दोर निवडा. प्रत्येक दोराच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागातून चार-चार शिणाणे घ्या, कारण विषारी शेवाळ पाण्यात एकाच थराला दाटलेलं असू शकतं. मांस सोलून निथळल्यावर किमान 100 ग्रॅम भरायला हवं. मी नेहमी दुप्पट घ्यायला सांगतो, म्हणजे प्रयोगशाळेला पुन्हा तपासायची वेळ आली तर मांस कमी पडत नाही. कालवांसाठीही हाच हिशेब. तिसऱ्या-खुब्यांना मांस कमी असतं, त्यामुळे नग वाढवा. शिंपले समुद्राच्या पाण्यानं धुवा, गोड्या पाण्यात बुडवू नका. ओल्या गोणपाटात गुंडाळून बर्फाच्या पेटीत ठेवा, बर्फ मात्र अंगाला थेट लागू देऊ नका. प्रयोगशाळा लांब असेल तर सोलून निथळलेलं मांस गोठवून पाठवा. चिठ्ठीवर तारीख, वेळ, भरती की ओहोटी, दोराची जागा आणि पाण्याची क्षारता लिहा, आणि पेन्सिलनं लिहा. शाईचं अक्षर ओलाव्यानं फुटतं, मग नमुना कुठला ते कुणालाच सांगता येत नाही.

त्याच वेळी एक लिटर पाणी घ्या. त्यातलं शेवाळ टिकावं म्हणून लुगॉलचं आयोडीन थेंबाथेंबानं, फिक्या चहाचा रंग येईपर्यंत घाला आणि बाटली उन्हापासून लांब ठेवा. ही पाण्याची बाटली पुढचा इशारा देते. विक्रीचा निर्णय मात्र मांसाच्या अहवालावरच घ्यायचा.

नमुना कुठे द्यायचा? रत्नागिरीचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र, शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, गोव्यात दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, वाशीतलं केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेचं केंद्र, नाहीतर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मान्यता असलेली प्रयोगशाळा. प्रत्येक ठिकाणी प्रत्येक विषाची तपासणी होतेच असं नाही. म्हणून आधी फोन करा आणि नाव घेऊन विचारा: पक्षाघाताचं विष म्हणजे पीएसपी तपासता का, जुलाबाचं विष म्हणजे डीएसपी तपासता का, अहवाल किती दिवसांत मिळेल. पाहिजे ती तपासणी होत नसली तर कुठे होते ते त्यांच्याकडूनच विचारून घ्या.

मर्यादा पाठ असू द्या. पीएसपी: 100 ग्रॅम मांसात 80 मायक्रोग्रॅम. डीएसपी, म्हणजे ओकाडाइक आम्ल: किलोला 160 मायक्रोग्रॅम. स्मृतीवर परिणाम करणारं डोमोइक आम्ल: किलोला 20 मिलिग्रॅम. आकडा मर्यादेच्या वर गेला की काढणी बंद, घरी खाण्यासाठीसुद्धा नाही. निम्म्यावर पोचला तरी मी काढणी थांबवायला सांगतो. हा नियम नाही, माझं मत आहे, कारण नमुना घेतल्यापासून अहवाल येईपर्यंत खाडीत विष वाढलेलं असू शकतं. बंद केलेली काढणी पुन्हा सुरू करताना युरोपातला नियम वापरा: किमान 48 तासांच्या अंतरानं घेतलेले सलग दोन नमुने मर्यादेच्या आत यायला हवेत. एका चांगल्या अहवालावर दोर ओढू नका.

नमुना दर आठवड्याला घेणं उत्तम. परवडत नसेल तर खाडीतले चार-पाच गट मिळून एक नमुना द्या आणि खर्च वाटून घ्या. ज्यांच्याकडे फक्त कालवं आहेत त्यांनी खाडीमुखाजवळ जाळीच्या पिशवीत किलोभर शिणाणे टांगून ठेवावेत. शिणाणा विष लवकर साठवतो आणि लवकर सोडतो, त्यामुळे धोका त्याच्यात आधी दिसतो. काही जातींच्या तिसऱ्या मात्र विष महिनोन्‌महिने धरून ठेवतात. शेजारचा शिणाणा स्वच्छ निघाला म्हणून तिसऱ्याही स्वच्छ आहेत असं धरू नका, त्यांचा नमुना वेगळा द्या.

आता माझा एक अंदाज, कागदावरच्या पुराव्याशिवायचा. मोठी सर येऊन गेली, पाठोपाठ तीन-चार दिवस ऊन पडलं, वारा थांबला आणि त्यातच अमावस्येचं किंवा पौर्णिमेचं उधाण आलं, की मी ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता नमुना घ्यायला लावतो. उधाणात गाळ ढवळतो, मागून ऊन मिळतं. पाणी तेलकट, जड दिसायला लागलं तरी तेच करा.

दुकानदार या दिवसांत तुमच्या दारात येतील. त्यांचं ऐकण्याआधी एवढं लक्षात ठेवा. अतिनील दिव्याच्या किंवा ओझोनच्या टाकीत शिंपले दीड-दोन दिवस ठेवले की जिवाणू कमी होतात. ती टाकी त्यासाठी चांगली आहे, पण विष त्यानं भरवशानं निघत नाही. विष उतरवायचा खात्रीचा उपाय म्हणजे दोर स्वच्छ वाहत्या पाण्यात काही आठवडे तसेच ठेवणं, आणि त्याला एक पैसा लागत नाही. ‘टॉक्सिन बाइंडर’ (विष शोषतं म्हणून विकलं जाणारं औषध), प्रोबायोटिक, झिओलाइटची पोती उघड्या खाडीत ओतणं म्हणजे पैसे ओहोटीबरोबर सोडून देणं. शेवाळ मारायला मोरचूद तर अजिबात टाकू नका. मोरचुदानं शेवाळाच्या पेशी फुटून विष पाण्यात सुटतं, शिणाण्याचं बी (पिल्लं) मरतं आणि कालवांत तांबं साठतं. झटपट तपासणीच्या पट्ट्या काही ठिकाणी मिळतात. चाळणी म्हणून त्या ठीक आहेत, पण मुदत पाहा आणि पट्टी कोणत्या विषाची आहे ते वाचा. पीएसपीच्या पट्टीला डीएसपी दिसत नाही. त्या पैशात प्रयोगशाळेचा एक नमुना बसत असेल तर नमुनाच द्या.

या हंगामातली नेहमीची कामं:

- क्षारता स्थिर होऊन दर हजारी 25 भागांच्या वर टिकल्यावरच दोराला बी बांधणं.
- 15 ते 25 मिलिमीटरचं बी, मीटरभर दोराला 500 ते 750 ग्रॅम.
- सुती मच्छरदाणीच्या कापडानं गुंडाळणं.
- मोठ्या ओहोटीलाही दोराचं टोक तळाला न टेकणं.
- बांबूचे सांधे, गाठी, तरंगते पिंप तपासणं.
- पंधरा दिवसांनी गळालेल्या जागा पाहणं, दाटी विरळ करणं.
- बी कुठून आणलं त्याची नोंद.

घरात एक सांगून ठेवा: उकळून, तळून किंवा गोठवून हे विष जात नाही. चिंच, कोकमाचं आगळ, लिंबू यांनी उतरत नाही. विषाचा काही अंश उकळीच्या पाण्यात उतरतो, म्हणून ज्या मालाबद्दल शंका आहे त्याचं सारही पिऊ नये. भांड्यात चांदीचं नाणं टाकून पाहण्याला काही अर्थ नाही.

शिंपले खाल्ल्यावर काही मिनिटांपासून दोनेक तासांत ओठ, जीभ किंवा बोटांना मुंग्या आल्या, तोंड बधिर झालं, चालताना तोल जायला लागला, तर उलटी करवत बसू नका आणि घरगुती उपायांत वेळ घालवू नका. 108 ला फोन करा आणि कृत्रिम श्वासाची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. या विषावर उतारा नाही, पण श्वास चालू ठेवता आला तर बहुतेक रुग्ण पहिल्या दिवसानंतर सावरतात. डॉक्टरांना काय खाल्लं, कुठल्या खाडीतलं आणि किती वाजता ते सांगा. कढईतलं उरलेलं कालवण आणि न शिजवलेले शिंपले टाकून देऊ नका. वेगवेगळ्या पिशव्यांत बांधून बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयाला कळवा, म्हणजे त्या खाडीतली काढणी वेळेत थांबवता येईल.