गोव्यातल्या वर्गात भूकंप शिकवताना

सातवीच्या भूगोलात किंवा आठवीच्या विज्ञानात भूकंपाचा धडा पहिल्यांदा वाट्याला आला की नवे शिक्षक साधारण एकच क्रम धरतात: पृथ्वीचे थर, मग भूपट्ट (पृथ्वीच्या वरच्या कठीण भागाचे सरकणारे मोठे तुकडे), मग पट्टांच्या कडा, मग भूकंप, आणि शेवटी बाकाखाली कसं लपायचं. पुस्तकाचा क्रमही बहुतेक हाच. गोव्यात मात्र या वाटेने गेलात तर मध्येच अडकाल. कारण आपल्या भागातल्या घरांना जे भूकंप आठवतात, ते पट्टांच्या कडेवर झालेलेच नाहीत.

11 डिसेंबर 1967 चा पहाटेचा कोयनेचा भूकंप गोव्यातही जाणवला होता. 30 सप्टेंबर 1993 ला, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, किल्लारी झालं. दोन्ही ठिकाणं भारतीय पट्टाच्या कडेपासून पार आत. तुम्ही फळ्यावर ‘भूकंप पट्टांच्या सीमांवर होतात’ असं लिहिलंत की मागच्या बाकावरचा एखादा विचारतो, “टीचर, मग कोयना खंयच्या सीमेर?” तो प्रश्न तुमच्या भाग्याने आला असं समजा. आला नाही तर तुम्हीच विचारा. माझ्या मते इथल्या वर्गात सगळा धडा या एका प्रश्नाभोवती बांधता येतो.

मी डिचोली तालुक्यात शिकवते. मुलं प्राथमिक शाळा मराठीतून करून येतात, घरी कोकणी बोलतात, आणि हायस्कुलात पुस्तक इंग्रजी. अशा वर्गात व्याख्या पाठ करून घेणं सोपं आणि निरुपयोगी. म्हणून मी पहिल्या तासाला ‘पट्ट’ हा शब्द उच्चारतच नाही. अमेरिकेच्या भूसर्वेक्षण खात्याच्या, म्हणजे यूएसजीएसच्या संकेतस्थळावर गेल्या वर्षभरातल्या 5 आणि त्याहून मोठ्या भूकंपांची यादी फुकट मिळते. जगभरात वर्षाला असे साधारण दीड हजार होतात. यादी छापायची, कापून वाटायची. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाच्या वाट्याला पस्तीस-चाळीस येतात. भिंतीवर जगाचा मोठा कोरा नकाशा, हातात स्केचपेन, आणि अक्षांश-रेखांश बघून ठिपके मारायचे. या यादीत पश्चिम रेखांश आणि दक्षिण अक्षांश उणे चिन्हाने येतात, हे आधी दोनदा सांगा. रेखांशाचं उणे विसरलं की चिलीचा भूकंप थेट हिंदी महासागरात जाऊन पडतो, आणि शेजारचा मुलगा हसायला लागतो. त्या हसण्यातून अक्षांश-रेखांश जेवढे पक्के होतात तेवढे भूगोलाच्या तासाला होत नाहीत.

नकाशा भरत आला की कुणी काही सांगायची गरज राहत नाही. पॅसिफिकभोवतीचं कडं दिसतं, अटलांटिकच्या मधोमध ओळ दिसते, हिमालयाची माळ दिसते. आणि आपल्या मुलांना हमखास चकित करणारी एक ओळ: अरबी समुद्रात, भारत आणि आफ्रिकेच्या मध्ये. ती कार्ल्सबर्ग पर्वतरांग. तिथे समुद्राचा तळ फाटतो आणि नवा तळ तयार होतो. गोव्यापासून हजार किलोमीटरांहून लांब. भारतीय पट्टाची त्या बाजूची कड ती आहे, मिरामारचा किनारा नव्हे. हे ठासून सांगा, कारण जिथे जमीन संपते तिथे पट्ट संपतो हा गैरसमज नववी-दहावीपर्यंत, कधी कधी पदवीपर्यंत टिकतो.

मग आपला किनारा काय आहे? तो जुनी फाटलेली बाजू आहे. साधारण 9 कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर इथून सुटलं, पुढे सेशेल्स. सेशेल्स सुटलं त्याच सुमारास, 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या आसपास, दख्खनचा लाव्हा ओतला गेला. सत्तरी तालुक्यातल्या मुलांना चोर्ला घाटातला काळा पाषाण माहीत असतो, तो त्यातलाच. एखादा तुकडा वर्गात आणा, शेजारी जांभ्याचा तुकडा ठेवा. घाटाची सहल जमली तर उत्तमच, नाही जमली तर हे दोन दगड पुरतात.

आता कोयना. 1962 पासून धरणात पाणी साठू लागलं आणि पाठोपाठ त्या भागात धक्के जाणवू लागले. पाण्याच्या वजनापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे भेगांत झिरपलेल्या पाण्याचा दाब. तो जुन्या भ्रंशाच्या, म्हणजे खडकातल्या मोठ्या भेगेच्या, दोन बाजूंमधली पकड ढिली करतो. पण भूकंपाची ऊर्जा पाण्याची नसते. भारतीय पट्ट वर्षाला सुमारे 5 सेंटीमीटर उत्तरेकडे सरकतोय आणि हिमालयाशी रेटा घेतोय, त्याचा ताण पट्टाच्या पोटातही साठतो. कुठे जुनी कमकुवत भेग असेल तिथे तो सुटतो. कोयनेत पाण्याने निमित्त दिलं. किल्लारीत तसं मोठं धरण नव्हतं, तरी ताण सुटलाच.

इथे सत्तरीतली मुलं अंजुणे धरणाचं विचारतात, पेडण्याकडची तिळारीचं. घाबरवू नका, झटकूही नका. प्रत्येक धरणाखाली भूकंप होत नाही. त्यासाठी खाली भ्रंश लागतो आणि तो आधीच सुटायच्या बेतात असावा लागतो. भारतीय मानक ब्युरोच्या 2002 च्या नकाशात गोवा झोन 3 मध्ये आहे, म्हणजे मध्यम धोका. ‘आपल्याकडे भूकंप होतच नाही’ हे वाक्य शिक्षकाच्या तोंडी शोभत नाही.

प्रयोगांबद्दल माझं मत थोडं कडू आहे. क्रीमची बिस्किटं सरकवून पट्ट दाखवायचा प्रयोग सगळीकडे चालतो. मुलांना बिस्किटं आठवतात, आणि खाली पातळ लाव्ह्याचा समुद्र आहे हे डोक्यात बसतं. तो समुद्र नाहीच. प्रावरण, म्हणजे कवचाखालचा जाड थर, घन आहे. भूकंपाच्या दुय्यम लहरी (पुढे जाताना आडव्या हलवणाऱ्या) द्रवातून जात नाहीत, पण प्रावरणातून जातात, हाच पुरावा. घन असून लाखो वर्षांच्या हिशेबात ते वाहतं, रस्त्याच्या कामावरच्या डांबराच्या ढेकळासारखं: हातोडा मारला तर तुटतं, उन्हात ठेवून दिलं तर पसरतं.

त्यापेक्षा चिऱ्याचा प्रयोग करा. बांधकामावरून जांभ्याचा छोटा चिरा मागून आणा (पूर्ण आकाराचा नको, तो उचलताना दोघं लागतात). टेबलावर सुताराचा पॉलिश पेपर चिकटवा, चिऱ्याच्या तळालाही एक. चिऱ्याला दोरी, दोरीला जाड इलॅस्टिक, आणि शेजारी मोजपट्टी. एका मुलाने इलॅस्टिक अगदी सावकाश, एकाच वेगाने ओढायचं. चिरा हलत नाही, हलत नाही, आणि मग खट्कन पुढे जातो. प्रत्येक वेळी इलॅस्टिक किती ताणलं आणि चिरा किती सरकला ते वहीत लिहायचं. ओढणारा हात तोच, पेपर तोच, चिरा तोच. तरी आकडे जुळत नाहीत. कधी लवकर सुटतो, कधी ताणून ताणून जीव खातो, कधी छोटे छोटे झटके देतो. मुलं पुढचा झटका कधी येणार यावर पैजा लावतात आणि हरतात. ‘अमुक तारखेला मोठा भूकंप’ असा मेसेज व्हॉट्सअॅपवर फिरायला लागला की हीच मुलं घरच्यांना वहीतले आकडे दाखवतात. ताण साठतोय हे सांगता येतं, तारीख सांगता येत नाही, यावर वेगळं भाषण द्यावं लागत नाही.

लहरींसाठी मुलांना खांद्याला खांदा लावून ओळीत उभं करा. शेवटच्याला ओळीच्या दिशेने हलकेच ढकललं की धक्का पुढे सरकतो, ती प्राथमिक लहर. हात धरून पुढे-मागे डोललं की दुय्यम. मग गणित. कवचात पहिली साधारण सेकंदाला 6 किलोमीटर जाते, दुसरी साडेतीन. दोघींच्या येण्यातल्या सेकंदांना 8 ने गुणलं की अंतर ढोबळमानाने किलोमीटरमध्ये मिळतं. कोयना पणजीपासून सरळ रेषेत सुमारे 210 किलोमीटर. म्हणजे तिथे जमीन सुटल्यावर पहिला हलका धक्का इथे 35 सेकंदांनी, जोराचा साधारण मिनिटाने. मधल्या 25 सेकंदांत आपण काय काय करू शकतो, हे वर्गात घड्याळ लावून करून बघा.

धडा शक्यतो चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, सुटीआधी उरका. कारण सांगते. चवथीला मूळ घरी सगळं कुटुंब जमतं, आजी-आजोबा, मुंबईचे काका, सगळे. त्या सुटीत मुलांनी घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाला 1967 च्या पहाटेचं विचारायचं. जाग आली का? भांडी वाजली का? गिलावा पडला का? कौलं सरकली का? लोकांना साल आठवत नाही, कोयना आणि किल्लारीची गल्लतही होते. पण ‘जनमत कौल (गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का, यावरचं मतदान) झाला त्याच वर्षी’ म्हटलं की पुष्कळांची आठवण जागेवर येते, कारण कौल जानेवारी 1967 चा आणि भूकंप त्याच डिसेंबरातला. उत्तरं आली की ती तीव्रतेच्या मर्काली श्रेणीवर बसवायची: भांडी खणखणली तर 4, झोपलेले बहुतेक जागे झाले तर 5, गिलावा निखळला तर 6. भूकंपाची महत्ता, म्हणजे सुटलेल्या ऊर्जेचं माप, एकच असते, 6.3, तीव्रता मात्र गावागणिक वेगळी. पेपरातल्या ‘रिश्टर’च्या आकड्याने होणारा घोटाळा इथे सुटतो.

याच ठिकाणी आकड्यांची दुसरी गंमत करा. महत्तेत एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे 32 पट. 2001 चा भूजचा भूकंप 7.7 चा, म्हणजे कोयनेच्या सव्वाशे पट ऊर्जा. हे मुलं काढतात. पण किल्लारी 6.2, कोयनेपेक्षा किंचित लहानच. तरी कोयनेत दोनशेच्या आसपास माणसं गेली आणि किल्लारी भागात दहा हजारांच्या जवळ. का? दाट वस्तीची गावं, आणि मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर मातीचं जड धाबं. हे समजल्यावर मुलांना आपापल्या घराची पाहणी करून यायला सांगा: चिरे सिमेंटमध्ये बसवलेत की मातीत, भिंतींना वरून बांधणारा पट्टा आहे का, कौलं नुसती ठेवलेली आहेत का. मला या वह्या तपासायला सगळ्यात जास्त आवडतात.

वेगेनरची खंड सरकण्याची कल्पना, पँजिया हा एकेकाळचा अखंड महाखंड आणि खंडांचं कोडं यावर अर्ध्या तासाहून जास्त घालवू नका. ते मुलांना यूट्यूबवर मिळतं. त्याऐवजी मारी थार्प या अमेरिकी नकाशाकार बाईने 1950 च्या दशकात समुद्रतळाच्या खोलीच्या नोंदींवरून काढलेला अटलांटिकचा नकाशा दाखवा आणि भिंतीवरच्या आपल्या ठिपक्यांशी जुळवून घ्या.

कवायतीचं थोडक्यात. खाली वाका, डोकं झाका, बाकाचा पाय धरून राहा. हलणं थांबल्यावरच बाहेर. गावातल्या पुष्कळ शाळांवर अजून मंगलोरी कौलं आहेत, त्यामुळे हलत असताना दाराकडे धावणारा मुलगा नेमका कौलांच्या धारेखाली सापडतो. एवढं एक जरी लक्षात राहिलं तरी कवायत वसूल.

परीक्षेच्या पेपरात नाभी (जमिनीखाली जिथे खडक सुटतो ती जागा), अपिकेंद्र (तिच्या बरोबर वर जमिनीवरची जागा), लहरींचे प्रकार आणि भूकंपमापकाची आकृती येते. त्या शेवटच्या एका तासात होतात, आधी करू नका.

दहावीनंतर एखादी मुलगी ‘यातच पुढे काय?’ विचारत आलीच, तर विज्ञान शाखा घ्यायला सांगा आणि गणित सोडू देऊ नका. भूशास्त्राची पदवी गोव्यातच होते, मडगावला चौगुले कॉलेजात किंवा मिरामारला धेंपे कॉलेजात, पुढे ताळगावला गोवा विद्यापीठात. भूकंपशास्त्रात जायचं तर भूभौतिकी, त्यासाठी भौतिकशास्त्र पक्कं हवं. इमारतींकडे ओढा असेल तर स्थापत्य अभियांत्रिकी करून आयआयटी रुडकीचा भूकंप अभियांत्रिकी विभाग. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची भरती यूपीएससीच्या भूवैज्ञानिक परीक्षेतून होते. आणि तिला सांगा की कोयनेच्या भ्रंशांचा ठाव घ्यायला केंद्र सरकारच्या शास्त्रज्ञांनी तिथे 3 किलोमीटर खोल भोक पाडलंय, त्याची प्रयोगशाळा कराडला आहे. पणजीहून सकाळी निघालं तर दुपारपर्यंत पोचता येईल इतक्या अंतरावर.