हार्डवेअर सिक्वेन्सर निवडताना आणि वापरताना

हार्डवेअर सिक्वेन्सर, म्हणजे स्वरांचा वा तालाचा क्रम साठवून तो पुन्हा पुन्हा वाजवून घेणारे यंत्र, विकत घेण्यापूर्वी आपल्या सिंथेसायझरची मागची बाजू नीट पाहावी, कारण निम्मी निवड तिथेच ठरते. पाच पिनांचे मिडी (वाद्यांमध्ये स्वरांचे डिजिटल संदेश नेणारी पद्धत) सॉकेट असेल तर एकाच केबलमधून 16 चॅनेल जातात. मॉड्युलर, म्हणजे सुटे भाग तारांनी जोडून बनवलेली यंत्रणा असेल तर सीव्ही (स्वराची उंची ठरवणारे व्होल्टेज) व गेट (स्वर सुरू-बंद करणारा संकेत) आउटपुट लागते. त्यातही एका सप्तकाला एक व्होल्ट हे प्रमाण जुळते का, हे तपासावे, कारण कॉर्ग एमएस-20 सारखे वाद्य हर्ट्झ प्रति व्होल्ट, म्हणजे व्होल्टेजच्या प्रमाणात कंपनसंख्या, मानते आणि चुकीच्या जोडणीत स्वर भलतीकडेच जातात.

पहिलेच यंत्र असेल, तर मेनूत दडलेल्या सोयींपेक्षा प्रत्येक स्टेपला (क्रमातील एका स्थानाला) स्वतंत्र बटण असलेले यंत्र घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. आर्टुरियाच्या बीटस्टेप प्रोमध्ये स्वरांसाठी दोन आणि तालासाठी एक असे तीन सिक्वेन्सर असून प्रत्येकाची लांबी 64 स्टेपपर्यंत नेता येते.

जोडणीनंतर लयीचा ताबा एकाच यंत्राकडे ठेवावा आणि इतरांना बाहेरच्या क्लॉकवर (त्या यंत्राकडून येणाऱ्या लयीच्या संकेतावर) लावावे. मग तालाच्या ट्रॅकला 16 स्टेप द्याव्यात, बेसला 10. तीनताल आणि झपताल एकत्र चालावेत तसे हे दोन्ही ट्रॅक सरकत जातात आणि 80 स्टेपनंतर पुन्हा एकाच समेवर येतात. त्या क्षणी सिंथेसायझरचा फिल्टर (आवाजाचा काही भाग गाळणारे नियंत्रण) हळूच उघडून पाहावा. आवडलेली रचना मात्र यंत्र बंद करण्यापूर्वी आठवणीने सेव्ह करावी.