थायरॉइडमुळे केस गळतायत? या चुका टाळा

"गोळी सुरू करून महिना झाला, पण केस आधीपेक्षा जास्तच जातायत." थायरॉइडचं निदान नुकतंच झालेल्या बायका हे फार काकुळतीने सांगतात. आणि पुष्कळदा त्यापुढचं वाक्य असतं, "म्हणून मी गोळी बंदच केली." सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं.

महिन्याभरात निकाल लावणं

डोक्यावरचे सगळे केस एकाच वेळी वाढत नसतात. बहुतेक केस वाढीच्या अवस्थेत असतात आणि ती अवस्था साधारण 2 ते 6 वर्षं चालते. थोडे केस विश्रांतीत असतात. ते सुमारे 3 महिने तसेच मुळाशी अडकून राहतात आणि मग गळतात. थायरॉइडचं हार्मोन बराच काळ फार कमी किंवा फार जास्त राहिलं, की वाढीतले पुष्कळसे केस एकदम विश्रांतीत जातात. त्या दिवशी काहीच दिसत नाही. दोन-तीन महिन्यांनी मात्र गुंतवळ हातात मावेनासं होतं.

म्हणजे आज फणीत आलेले केस दोन-तीन महिन्यांपूर्वीच्या बिघाडाचे आहेत. आज घेतलेली गोळी त्यांना थांबवू शकत नाही. थायरॉक्सिन, म्हणजे कमी पडलेलं थायरॉइडचं हार्मोन भरून काढणारी गोळी, सुरू केल्यावर पहिले काही आठवडे गळती वाढल्यासारखी वाटू शकते, आणि हे तात्पुरतं असतं. मुळाशी नवा केस वाढायला लागला की जुना, आधीच सुटलेला केस बाहेर पडतो. नेमक्या याच वेळी गोळी सोडली तर हार्मोन पुन्हा घसरतं आणि केसांचं चक्र पुन्हा बिघडतं.

वेळेचा हिशोब आधीच माहीत असलेला बरा. डोस सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन; थायरॉइड मंदावलं की ते वाढतं) स्थिरावायला 6 ते 8 आठवडे लागतात, म्हणून पुढची तपासणी त्यानंतर करतात. टीएसएच जागेवर आल्यावर गळती हळूहळू कमी होते. नवे केस महिन्याला जेमतेम एक सेंटीमीटर वाढतात. त्यामुळे फरक जाणवायला सहाएक महिने आणि वेणी पूर्वीसारखी हाताला भरायला वर्ष किंवा त्याहून जास्त वेळ जातो. इतकं थांबणं सोपं नाही. पण उपचार चालू आहे आणि तरी दिसत काही नाही, याचा अर्थ उपचार फसला असा होत नाही.

याच घाईतून उलटी चूकही होते. केस लवकर यावेत म्हणून काहीजणी डोस स्वतःच वाढवतात. हार्मोन गरजेपेक्षा जास्त झालं तरी केस गळतातच, शिवाय धडधड वाढते आणि हाडांवर परिणाम होतो.

सगळ्या गोळ्या एकदम घेऊन मोकळं होणं

सकाळी उठल्यावर थायरॉइडची गोळी, तिच्याबरोबरच लोहाची, कॅल्शियमची आणि केसांसाठीची. सोयीचं वाटतं, पण लोह आणि कॅल्शियम थायरॉक्सिनला पोटातच बांधून ठेवतात आणि गोळीचा काही भाग रक्तात पोचतच नाही. केस वाचवायला घेतलेलं लोहच मग थायरॉइडची गोळी निकामी करत असतं.

थायरॉक्सिन रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्या आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काही खाऊ नका. चहा-कॉफीसुद्धा त्यानंतरच. थायरॉक्सिन आणि लोह-कॅल्शियमच्या गोळ्या यांत किमान 4 तासांचं अंतर हवं. ॲसिडिटीच्या काही गोळ्यांनीही थायरॉक्सिन कमी शोषलं जातं, तेव्हा त्या रोज चालू असतील तर डॉक्टरांना सांगा. नीट गोळी घेऊनही टीएसएच वर-खाली होत असेल, तर डोस वाढवण्याआधी गोळी घ्यायची वेळ आणि पद्धत तपासून पाहावी. पुष्कळदा कारण तिथेच सापडतं.

बायोटिन घेऊन रक्त द्यायला जाणं

ही चूक कमी बायकांना माहीत असते आणि तिचे परिणाम गोंधळात टाकणारे असतात, म्हणून सविस्तर सांगते.

बायोटिन हे ब गटातलं एक जीवनसत्त्व. प्रौढ माणसाला दिवसाला ते सुमारे 30 मायक्रोग्रॅम पुरतं आणि ते बहुतेकांना रोजच्या जेवणातून मिळतं. केसांच्या गोळ्यांत मात्र ते 5,000 किंवा 10,000 मायक्रोग्रॅम असतं. थायरॉइडच्या अनेक रक्ततपासण्यांची रासायनिक पद्धतच बायोटिनवर आधारलेली असते. रक्तात बाहेरून आलेलं बायोटिन जास्त असलं की यंत्र फसतं. टीएसएच खोटाच कमी दिसतो, टी3 आणि टी4 ही थायरॉइडची हार्मोन्स खोटीच जास्त दिसतात.

आता अशा बाईची कल्पना करा, जिला अजून थकवा आहे, थंडी वाजते, केस जातायत. तिला डोस वाढवून हवा आहे. आणि रिपोर्ट सांगतो की हार्मोन जास्त झालंय. रिपोर्टवर विश्वास ठेवून डोस कमी केला, की केसांची गळती आणखी वाढणार. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, 2017 मध्ये बायोटिनमुळे चुकणाऱ्या तपासण्यांबद्दल जाहीर इशारा दिला होता.

थायरॉइडच्या तपासणीआधी किमान 2 दिवस बायोटिन बंद ठेवा. मात्रा फार मोठी असेल तर आणखी आधीपासून थांबावं लागतं, ते डॉक्टरांना विचारा. डब्यावर 'केस, त्वचा, नखं' असं काहीही लिहिलेलं असेल तर त्यात बायोटिन आहे असं धरूनच चाला. आणि मुळात बायोटिनची कमतरता नसेल, तर ते घेतल्याने केस वाढतात याला भक्कम पुरावा नाही.

सेलेनियम, आयोडीन आणि अ जीवनसत्त्वाच्या गोळ्यांबाबतही सावध राहा. सेलेनियम आणि अ जीवनसत्त्व जास्त झालं तर त्यानेच केस गळतात. आयोडीन जास्त झालं तर थायरॉइड आणखी बिघडू शकतं.

सगळं खापर थायरॉइडवर फोडणं

एकदा निदान झालं की प्रत्येक तक्रार त्याच खात्यात जाते. पण थायरॉइडमुळे केस गळतात ते सहसा बिघाड मोठा आणि दीर्घकाळचा असेल तेव्हा. टीएसएच किंचित वर आहे आणि केस मात्र मुठीने जातायत, तर दुसरं कारण शोधायलाच हवं. टीएसएच सहा महिन्यांहून जास्त काळ चांगला आहे आणि गळती तशीच, तरीही तेच.

पहिलं नाव लोहाचं. थायरॉइड मंदावलेल्या बायकांना पाळीत रक्तस्राव जास्त होऊ शकतो आणि लोहाचा साठा संपत जातो. हिमोग्लोबिन ठीक असूनही साठा रिता असू शकतो, म्हणून फेरिटिन तपासून घ्या. ब12 बघायला हवं. अलीकडे झपाट्याने वजन कमी केलंय का, मोठा ताप किंवा शस्त्रक्रिया झाली आहे का, बाळंतपण झालंय का, हेही आठवा. बाळंतपणानंतर काही महिन्यांनी केस गळणं नेहमीचं आहे, पण त्याच वर्षात थायरॉइडही बिघडू शकतं, तेव्हा "बाळंतपणानंतर होतंच" म्हणून तपासणी टाळू नये.

गळती कशी दिसते ते नीट पाहिलं तरी बरंच कळतं. थायरॉइडमुळे सगळ्या डोक्यावरचे केस सारखे विरळ होतात, कधी भुवयांची बाहेरची टोकंही. गळलेला केस उजेडात धरा. टोकाला बारीक पांढरी गाठ दिसली तर तो मुळापासून सुटलेला आहे, दिसली नाही तर मधूनच तुटलेला. तुटणाऱ्या केसांना दोष द्यायचा तर रंग, उष्णता आणि ओढाताणीला द्या. भांग पुढून मागे रुंदावतोय पण कपाळावरची केसांची रेघ जागेवर आहे, तर तो आनुवंशिक प्रकार असू शकतो. तो थायरॉइडच्या गोळीने थांबत नाही, त्याला मिनॉक्सिडिलसारखा वेगळा उपचार लागतो. नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा पडला तर ती चाई. ज्यांचं थायरॉइड शरीराच्याच प्रतिकारशक्तीमुळे बिघडलंय त्यांच्यात ती जास्त आढळते.

मिनॉक्सिडिल सुरू केल्यावरही पहिले काही आठवडे गळती वाढते आणि निकाल दिसायला 4 ते 6 महिने लागतात. पंधरा दिवसांत सोडायचं असेल तर सुरूच करू नका. गरोदर असाल किंवा तशी तयारी असेल तर ते वापरायचं नाही.

केस धुवायलाच घाबरणं

न धुतल्याने केस वाचत नाहीत. सुटलेले केस तसेच अडकून राहतात आणि आठवड्याने न्हाताना एकदम मोरीच्या जाळीवर गोळा होतात, बघून धडकी भरते. एरवीही दिवसाला 50 ते 100 केस जाणं नेहमीचंच आहे. सौम्य शाम्पू, रुंद दातांची फणी, ओले केस न ओढणं आणि घट्ट बांधणी टाळणं एवढं पुरे. तेल लावायला आवडत असेल तर हलक्या हाताने लावा, मात्र त्याने थायरॉइडची गळती थांबेल अशी आशा ठेवू नका.

रोज केस मोजत बसू नका. त्याने जीव टांगणीला लागतो आणि कळत काहीच नाही. त्यापेक्षा महिन्यातून एकदा, एकाच खिडकीपाशी, एकाच जागी भांग पाडून फोटो काढा. भांगाच्या कडेने बोटाच्या पेराएवढे टोकदार, ताठ केस उभे दिसले तर ते नवे आहेत.

घरच्यांनाही एक सांगणं: "केसच तर आहेत" असं तिला म्हणू नका. तिला आधीच थकवा आहे, त्यात आरशासमोर उभं राहायची भीती. तिचं हे दुःख खरं आहे.

डॉक्टरांकडे रिकाम्या हाताने जाणं

चट्टे पडलेत, त्वचा लाल होऊन दुखते-खाजते, किंवा केस गेलेली जागा चकचकीत दिसते, तर वाट न पाहता त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. शेवटच्या प्रकारात मुळंच नष्ट होत असू शकतात आणि गेलेले केस परत येत नाहीत. थायरॉइड जास्त चालतं म्हणून कार्बिमॅझोल घेत असाल आणि ताप येऊन घसा दुखायला लागला, तर केसांचा विषय बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

जाताना गेल्या वर्षभरातले थायरॉइडचे रिपोर्ट तारखेवार लावून न्या, भांगाचे फोटो न्या, आणि तुम्ही घेता ती प्रत्येक गोळी, पावडर, गमी यांची यादी न्या. डबेच पिशवीत टाकून नेले तर आणखी चांगलं, मागची छोटी अक्षरं डॉक्टरांना वाचता येतील.