गाडीतला वूफर घरी आणताना: करवत हातात घेण्याआधीची तयारी

गाडीतून काढलेला बारा इंची वूफर, म्हणजे खोल आवाजाचा स्पीकर, घरात पडून असला आणि त्याचा टीव्हीसाठी सबवूफर करायचा म्हटलं की पहिला विचार खोक्याचा येतो. माप किती, लाकूड कुठलं, रंग कसा. माझं म्हणणं एवढंच आहे की खोका सर्वांत शेवटी. आधी वूफर नीट ओळखून घ्यायचा, कारण खोक्याचं माप तोच सांगतो. टीव्हीखाली किती जागा आहे यावरून ते ठरवता येत नाही.

तेव्हा सुरुवात तपासणीने. वूफर टेबलावर उताणा ठेवा आणि दोन्ही हातांची बोटं कोनच्या (पुढे-मागे हलणाऱ्या पडद्याच्या) मध्यावर, डस्ट कॅप या गोल झाकणाच्या भोवती सारख्या अंतरावर टेकवून हळूच खाली दाबा. कोन सरळ खाली जाऊन सरळ वर यायला हवा, आवाज न करता. नखाने कागद खरवडल्यासारखं काही ऐकू आलं तर व्हॉइस कॉइल, म्हणजे कोनला हलवणारी तारेची गुंडाळी, चुंबकाच्या फटीत घासतेय. अशा वूफरवर पुढचा खर्च करू नका. मग कोनच्या कडेचं सराउंड, म्हणजे लवचीक कडं, बघा. रबराचं असेल तर सहसा टिकलेलं असतं. फोमचं असेल तर बोट लावताच भुगा पडतो का ते पाहा. तो पडला तर आधी सराउंड बदलणं आलं. शेवटी दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टर्मिनलला लावा. सेलचा प्लस वूफरच्या प्लसला जोडल्यावर कोन बाहेरच्या बाजूला सरकला पाहिजे. खुणा पुसलेल्या असतील तर याच चाचणीवरून नव्या करून घ्या.

मग मल्टीमीटर काढून कॉइलचा रोधही मोजा. चार ओहमची कॉइल मीटरवर साडेतीनच्या आसपास दिसते, त्याने गोंधळू नका. गाडीचे बरेच वूफर दोन कॉइलचे असतात. चार-चार ओहमच्या दोन कॉइल सिरीजमध्ये आठ होतात, पॅरललमध्ये दोन. घरातले बहुतेक ॲम्प्लिफायर दोन ओहमवर तापून बंद पडतात, त्यामुळे अशा वूफरला सिरीजच बरी. दोन-दोन ओहमच्या कॉइल सिरीजमध्ये जोडल्या की सरळ चार मिळतात. एक कॉइल मोकळी सोडून काम भागवायचा मोह होतो, पण तसं करू नका. चुंबकाची पकड ढिली पडते आणि वूफरचे सगळे आकडे बदलतात.

हे आकडे म्हणजेच तयारीचा गाभा. नेव्हिल थील यांनी 1961 साली ऑस्ट्रेलियात मांडलेलं आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात पुढे नेलेलं गणित आजही खोका बांधायला पुरतं. त्यातले तीन आकडे लागतातच. एफएस, म्हणजे वूफर मोकळ्या हवेत ज्या फ्रीक्वेन्सीला आपसूक डोलतो ती. क्यूटीएस, म्हणजे ते डोलणं किती आवरलं जातं त्याचा आकडा, जितका लहान तितकं जास्त आवरलेलं. आणि व्हीएएस, म्हणजे सस्पेन्शनइतकीच (कोन धरून ठेवणाऱ्या भागांइतकीच) लवचीक असणारी हवा किती लिटर. मॉडेल नंबर असेल तर माहितीपत्रकात ते मिळतात. नसतील तर रूम ईक्यू विझार्डसारख्या फुकट सॉफ्टवेअरने इम्पिडन्स (फ्रीक्वेन्सीनुसार बदलणारा रोध) मोजून काढता येतात. नुसता एफएस हवा असेल तर हजार ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये घाला, कमी आवाजात टोन, म्हणजे एकाच फ्रीक्वेन्सीचा सूर, सोडा आणि फ्रीक्वेन्सी सावकाश फिरवत राहा. वूफरच्या दोन टोकांवरचा व्होल्टेज जिथे सर्वाधिक दिसेल तो एफएस. जुन्या वूफरचं सस्पेन्शन वापराने सैल झालेलं असतं, म्हणून छापील आकडा हाती असला तरी मी स्वतः मोजतोच.

आता हिशेब. बंद खोक्याचं सूत्र सोपं आहे. व्हीएएसला खोक्याच्या लिटरने भागा, त्यात एक मिळवा, वर्गमूळ काढा. त्या संख्येने क्यूटीएसला गुणलं की खोक्यातला क्यू मिळतो, एफएसला गुणलं की खोक्यातली फ्रीक्वेन्सी. माझ्या वूफरचा एफएस 30 हर्ट्झ होता, क्यूटीएस 0.5 आणि व्हीएएस 40 लिटर. पहिला खोका मी जागेला बसेल असा 20 लिटरचा केला होता. क्यू गेला 0.87 वर आणि फ्रीक्वेन्सी 52 हर्ट्झवर. पडद्यावर स्फोट झाला की छातीत धप्प व्हायचं, पण त्यानंतरची जमिनीतून येणारी घरघर यायचीच नाही. चांगल्या दोन सुट्ट्या आणि एक अख्खा प्लाय त्यात गेला, याची अजून हळहळ वाटते. तोच वूफर 40 लिटरमध्ये बसवला तेव्हा क्यू 0.71 झाला आणि फ्रीक्वेन्सी 42 वर उतरली. फरक पहिल्याच दृश्यात कळला.

गाडीत हाच वूफर छोट्या खोक्यातही इतका खोल का वाजायचा, हा प्रश्न पडेलच. कारण गाडीच्या आतली हवा. बंद जागेची सगळ्यात लांब बाजू ज्या फ्रीक्वेन्सीच्या अर्ध्या लहरीएवढी असते, तिच्याखाली आवाजाला आपोआप उचल मिळते, तत्त्वतः दर सप्तकाला 12 डेसिबलपर्यंत. पावणेतीन मीटर लांबीच्या गाडीत ही उचल साठेक हर्ट्झपासून सुरू होते, पाच मीटरच्या खोलीत 34 पासून. शिवाय दारंखिडक्या आणि पातळ भिंतींतून बरीच गळून जाते. गाडीची ही देणगी घरात मिळत नाही, तिची भरपाई खोक्याने करायची. पोर्ट, म्हणजे खोक्याला हवेची नळी, लावून आणखी खाली जाता येतं, पण क्यूटीएस 0.5 च्या आसपास असेल तर बंद खोकाच धरा. पोर्टमध्ये तो घुमतो.

लिटर ठरले की लाकूड. 18 मिलिमीटरचा एमडीएफ किंवा चांगला प्लाय, आणि मोजमाप नेहमी आतलं. आतून 40 बाय 36 बाय 32 सेंटिमीटर धरलं तर 46 लिटर होतात. त्यातून वूफरचा मागचा भाग, आतल्या आडव्या पट्ट्या आणि पाठीला प्लेट ॲम्प्लिफायर (खोक्याच्या मागच्या फळीत बसणारा) असेल तर त्याचा डबा वजा केला की चाळीसच्या जवळ येतो. या वजाबाकीशिवाय लाकूड कापायला देऊ नका. वूफरची खोली आणि कापायच्या भोकाचा व्यास प्रत्यक्ष मोजून घ्या. लाकडाचा गोंद, क्लॅम्प, जिगसॉ, ड्रिल, वूफरच्या कडेखाली लावायची फोमची पट्टी आणि आत भरायला उशीतला पॉलिएस्टर कापूस, एवढं जवळ असावं. एमडीएफचा भुगा फार बारीक असतो, मास्क घातल्याशिवाय कापू नका.

सांधे आतून सिलिकॉनने बंद करताना एक काळजी घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन असेल तर तो वास पूर्ण जाईपर्यंत वूफर बसवू नका, त्याची आम्लाची वाफ धातूला बाधते. वूफर बसवल्यावर 20 हर्ट्झचा टोन बेताने वाजवून ओल्या हाताची पाठ प्रत्येक सांध्यावरून फिरवा. गळती असेल तिथे गार झुळूक लागते. माझ्याकडे ती सांध्यात नव्हतीच, टर्मिनलच्या स्क्रूतून येत होती.

ॲम्प्लिफायरसाठी गाडीचाच घरात आणायचा विचार मनातून काढा. 12 व्होल्टवर 500 वॉट म्हणजे नुकसान न धरताही 40 अँपिअरच्या वर, तेवढा पॉवर सप्लाय आणण्यापेक्षा घरच्या विजेवरचा प्लेट ॲम्प्लिफायर साधा पडतो. वूफरवर मोठ्या अक्षरात छापलेले वॉट सोडून द्या, आरएमएस, म्हणजे सतत पेलता येणाऱ्या वॉटचा, आकडा बघा. टीव्हीच्या स्पीकरांना आवाज पुरवणाऱ्या रिसीव्हरला सबवूफर आउट आहे का ते तपासा. रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये बाकीचे स्पीकर ‘स्मॉल’ आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्याखालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा, 80 हर्ट्झ ठेवून सुरुवात करा.

केबल मात्र लगेच आणू नका. आधी कामचलाऊ लांब तारेवर सबवूफर तुमच्या बसायच्या जागी ठेवा, ओळखीचं बेसचं गाणं लावा आणि भिंतीकडेने रांगत फिरा. कुठे आवाज फुगतो, कुठे हरवतो. जिथे प्रत्येक सूर सारखा ऐकू येईल ती सबवूफरची जागा, आणि तिथून रिसीव्हरपर्यंतचं अंतर हीच केबलची लांबी.