मराठीतला पहिला अर्ज टाइप करताना

बचत गटातल्या बायकांना संगणक शिकवताना मी सुरुवात थेट अर्जापासून करते. कामाची गोष्ट हाताला लवकर बसते.

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये भाषांच्या यादीत मराठी एकदाच जोडून घ्या. मग विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबला की मराठी कीबोर्ड येतो. तो इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठीची कळांची ठरलेली मांडणी. स्वर, काना, मात्रा डाव्या हाताला. व्यंजनं बहुतेक उजव्या. हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडायची खूण, डी या कळीवर. आता वर्डमध्ये ‘अर्ज’ लिहा: शिफ्ट धरून डी, मग शिफ्ट सोडून जे, डी, पी. हा एकच शब्द दहा वेळा काढा. रफार जमला की जोडाक्षरांची भीती जाते, हे मी दरवेळी पाहते.

तारीख उजवीकडे न्यायला स्पेसबार दाबत बसू नका, फॉन्ट बदलला की सगळं सरकतं. कंट्रोल धरून आर दाबा. विषय मधोमध हवा तर कंट्रोल आणि ई.

आणि पहिली ओळ होताच कंट्रोल-एस, म्हणजे लिहिलेलं जतन होतं! वीज गेली तेव्हा गटाचा दोन पानी ठराव मी गमावलाय. रात्री पुन्हा लिहिताना रडू आलं होतं.